फुफ्फुसातली गाठ: सीटी स्कॅन कसा करून घ्यावा आणि कसा वाचावा

छातीच्या एक्स-रेत तीन-चार सेंटिमीटरची सावली दिसली की पुण्यात बऱ्याचदा दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर "टीबी असेल, दोन महिने एकेटी (टीबीची औषधं) देऊन बघू" असं ठरतं, नाही तर "जवळच्या सेंटरवर एचआरसीटी (छातीच्या सीटीचा एक प्रकार) काढून आणा" असं सांगितलं जातं. पहिल्यात वेळ जातो. दुसऱ्यात पैसे जातात आणि सीटी पुन्हा करावा लागतो. पुढची माहिती फॅमिली डॉक्टर, इंटर्न आणि रेसिडेंट यांच्यासाठी आहे. फिल्मचं मोठं पाकीट घेऊन ओपीडीबाहेर बसलेल्या नातेवाइकांनाही रिपोर्ट समजून घ्यायला ती उपयोगी पडेल.

सीटीकडून काय मागायचं हे आधी पक्कं करू. गाठ नेमकी कुठे आहे, आत काय भरलंय, कुठवर पसरली आहे आणि सुई कुठे घातली तर कामाचा तुकडा मिळेल, ही चार उत्तरं सीटी देतो. मोजक्या आजारांत तो निदानही करून टाकतो, पण कॅन्सर की टीबी हा निकाल मात्र पेशींच्या आणि जंतूंच्या तपासणीतूनच येतो. ३ सेंमीपर्यंतच्या गोल सावलीला नोड्यूल म्हणतात, त्याहून मोठी असेल तर मास. मोठ्या माणसात मास दिसली की दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ती कॅन्सर आहे असं धरूनच तपास पुढे न्यायचा. याचा अर्थ रुग्णाला तसं सांगून टाकायचं असा नाही. वाट बघत बसायचं नाही, एवढाच.

सीटीला पाठवण्याआधी

पहिलं काम जुन्या फिल्म शोधण्याचं. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडच्या काळात पुण्यात अनेकांचा छातीचा सीटी झाला होता. तो कपाटात पडलेला असतो आणि घरचे विसरून गेलेले असतात, म्हणून नाव घेऊन विचारायचं: "कोविडमध्ये स्कॅन काढला होता का?" भोसरी, चाकण, पिंपरीच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांचा वार्षिक तपासणीतला एक्स-रेही मिळू शकतो. भरीव नोड्यूल दोन वर्षांत वाढलं नसेल तर ते बहुधा निरुपद्रवी असतं. उलट २०२१ मध्ये तिथे स्वच्छ फुफ्फुस होतं आणि आज ३.५ सेंमीची गाठ आहे, तर पुढचा निर्णय त्याच दिवशी घ्यावा लागतो. जुन्या सीडीइतकी स्वस्त आणि इतकं सांगून जाणारी दुसरी तपासणी नाही.

दुसरं काम चिठ्ठी नीट लिहिण्याचं. "सीटी चेस्ट" एवढंच लिहून पाठवलं तर सेंटर आपल्या सवयीने काढतं. चिठ्ठी अशी असावी: "छातीचा सीटी, कॉन्ट्रास्टसह, मानेच्या खालच्या भागापासून दोन्ही ॲड्रिनल ग्रंथींपर्यंत, १ मिमी काप. पुरुष, वय ५८, तीस वर्षं विडी. उजवीकडे वरच्या भागात ४ सेंमी सावली. दोन आठवडे थुंकीतून रक्त. मधुमेह आहे. २०११ मध्ये टीबीचा कोर्स पूर्ण. क्रिएटिनीन १.१. जुना सीटी सोबत पाठवला आहे." (कॉन्ट्रास्ट म्हणजे शिरेतून द्यायचं, रक्तवाहिन्या आणि गाठ उजळवणारं आयोडीनचं औषध. ॲड्रिनल म्हणजे किडनीवरच्या छोट्या ग्रंथी. क्रिएटिनीन म्हणजे किडनीची रक्ततपासणी.) चिठ्ठीतली प्रत्येक ओळ रेडिऑलॉजिस्टच्या वाचण्यावर परिणाम करते. दगडाच्या खाणीत किंवा फाउंड्रीत काम केलं असेल, आधी कुठलाही कॅन्सर झाला असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर तेही लिहायचं. बाई असेल आणि धूम्रपान नसेल तर वर्षानुवर्षं चुलीपुढे स्वयंपाक केलाय का, हे विचारायचं. मुळशी-वेल्ह्याकडच्या बायकांमध्ये हा प्रश्न हमखास राहून जातो.

कोविडपासून लोकांच्या बोलण्यात छातीचा प्रत्येक सीटी "एचआरसीटी" झालाय. गाठीसाठी तो शब्द चिठ्ठीत नको. एचआरसीटी फुफ्फुसाच्या जाळीदार आजारांसाठी असतो आणि त्यात कॉन्ट्रास्ट देत नाहीत. त्यामुळे गाठ आणि रक्तवाहिनी यांच्यातली सीमा, मधल्या छातीतले लिम्फ नोड (रोगप्रतिकाराच्या छोट्या ग्रंथी), गाठीतला सडलेला भाग यातलं काहीच नीट वेगळं करता येत नाही. काही ठिकाणी अजून जुन्या पद्धतीने १ मिमीचे काप १० मिमी अंतर सोडून घेतात. त्या अंतरात ६ मिमीचं नोड्यूल अख्खं लपतं. मात्र छोट्या नोड्यूलवर नुसती नजर ठेवायची असेल तर कॉन्ट्रास्ट लागत नाही. तिथे कमी डोसचा प्लेन सीटी पुरतो. छातीच्या नेहमीच्या सीटीत साधारण ५ ते ७ मिलीसिव्हर्ट किरणोत्सर्ग जातो, कमी डोसच्या सीटीत दीडच्या आसपास. वारंवार करायची तपासणी असेल तर हा फरक मोठा आहे.

कॉन्ट्रास्टसाठी क्रिएटिनीन हवं आणि त्यावरून ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा) काढलेला हवा. तो ३० च्या खाली असेल तर किडनीच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कॉन्ट्रास्ट देऊ नये. मधुमेहाचं औषध मेटफॉर्मिनही अशाच रुग्णांत ४८ तास बंद ठेवून, किडनी पुन्हा तपासून मग सुरू करायचं असतं. बरीच सेंटरं सरसकट सगळ्यांचंच बंद करायला सांगतात; तसं सांगितलं तर साखरेकडे लक्ष ठेवायचं. तीन-चार तास उपाशी राहायला सांगतात, पण पाणी प्यायला हरकत नसते. म्हाताऱ्या माणसाला सकाळपासून कोरडं ठेवणं किडनीला बरं नाही. आधी कधी कॉन्ट्रास्टने पुरळ, सूज किंवा दम लागला असेल तर ते आठवडाभर आधीच कळवावं. स्टिरॉइडची गोळी १३, ७ आणि १ तास आधी द्यावी लागते, ती सेंटरवर पोचल्यावर देऊन उपयोग नाही.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल तर सीटीच्या आधी किंवा त्याच दिवशी थुंकी सीबीनॅटसाठी (टीबीच्या जंतूंची जनुकीय तपासणी) पाठवा. रुग्णाला मास्क द्या आणि टीबीची शंका आहे हे सेंटरला फोनवर कळवा, म्हणजे ते त्याला गर्दी सरल्यावरची वेळ देतील.

मशीनवर

रुग्णाला पाठीवर झोपवून दोन्ही हात डोक्याच्या वर. हात खाली राहिले तर खांद्याच्या हाडांचे पट्टे वरच्या छातीत उमटतात, आणि गाठ तिथेच असेल तर वाचणं अवघड होतं. स्कॅनच्या आधी श्वासाची दोन-तीनदा तालीम करून घ्यायची: "पूर्ण श्वास घ्या, धरून ठेवा." आताच्या मशीनवर अख्खी छाती काही सेकंदांत होते. पण श्वास अर्धवट घेतला तर फुफ्फुसाचा तळ दाटून दिसतो आणि त्यात नोड्यूल हरवतं. दम लागलेला रुग्ण असेल तर स्कॅन खालून वर घ्यावा. श्वासाची हालचाल तळाशी सर्वांत जास्त असते, म्हणून श्वास सुटण्याआधी तोच भाग उरकायचा.

कोपराच्या पुढच्या शिरेत १८ किंवा २० गेजची सुई. जमलं तर उजव्या हाताला, कारण डाव्या हाताचं कॉन्ट्रास्ट छातीच्या मध्यातून आडवं जातं आणि त्याचे चमकदार पट्टे नेमके लिम्फ नोडवर येतात. गाठ उजव्या शेंड्याला असेल तर मात्र डावा हात बरा. दर मिलीला ३०० ते ३५० मिलिग्रॅम आयोडीन असलेलं कॉन्ट्रास्ट ७० ते १०० मिली, सेकंदाला अडीच ते तीन मिली वेगाने, पाठोपाठ ३० मिली सलाइन. स्कॅन ५० ते ६० सेकंदांनी. घाई करून २० सेकंदांनी घेतला तर फुफ्फुसाच्या धमन्या उजळतात, पण गाठीत अजून काही पोचलेलं नसतं आणि ती मेलेल्या ऊतीसारखी दिसते. एम्बोलिझमसाठी (फुफ्फुसाच्या धमनीत अडकलेली रक्ताची गुठळी) काढलेल्या सीटीत अचानक सापडलेल्या गाठीबाबत हा घोटाळा नेहमी होतो.

गाठ ३ सेंमीच्या आतली आणि भरीव असेल तर कॉन्ट्रास्टच्या आधी तेवढ्या भागाचे प्लेन काप घेऊन ठेवावेत. चुना (साचलेलं कॅल्शियम) आणि चरबी प्लेनमध्येच खात्रीने ओळखता येतात.

प्रतिमा १ मिमी जाडीच्या आणि दोन प्रकारे तयार केलेल्या हव्यात: फुफ्फुसासाठी तीक्ष्ण, मधल्या छातीसाठी मऊ. घनता मोजायची ती नेहमी मऊ प्रतिमेवर. तीक्ष्ण प्रतिमेतले आकडे भरवशाचे नसतात, आणि ५ मिमीच्या कापात शेजारची हवा मिसळून छोट्या गाठीतला चुना पुसला जातो.

बाहेर पडताना सीडी किंवा पेनड्राइव्हवर डायकॉम फाइल (स्कॅनच्या मूळ डिजिटल प्रतिमा) मागून घ्या, १ मिमीच्या मालिकेसह. छापील फिल्मवर ५ मिमीचे निवडक काप असतात. त्या फिल्मचा खिडकीपाशी धरून काढलेला व्हॉट्सॲप फोटो पाहून मत देणं कुठल्याही तज्ज्ञाला शक्य नसतं, कारण त्यात विंडो (पडद्यावरचा काळ्या-पांढऱ्याचा पल्ला) बदलता येत नाही आणि घनता मोजता येत नाही. क्यूआर कोडची लिंक मिळाली असेल तर ती बंद होण्याआधी फाइल उतरवून ठेवा.

वाचण्याचा क्रम

नजर गाठीवर जाऊन खिळते आणि बाकीचं राहून जातं, म्हणून क्रम ठरवून वाचायचं. आधी फुफ्फुसाची विंडो, रुंदी १५०० आणि मध्य उणे ६००. मग मधल्या छातीची, रुंदी ४०० आणि मध्य ४०. शेवटी हाडांची. तिन्ही विंडोत वरपासून खालपर्यंत, दर वेळी पूर्ण.

गाठ खरंच फुफ्फुसात आहे का? काठाचा आणि छातीच्या भिंतीचा कोन बघा. टोकदार कोन फुफ्फुसाकडे बोट दाखवतो, पसरट कोन प्लुरा (फुफ्फुसाभोवतीचं आवरण) किंवा छातीच्या भिंतीकडे. एक्स-रेतली सावली कधी जुळून आलेल्या बरगडीची निघते, कधी दोन खंडांमधल्या फटीत अडकलेल्या पाण्याची. गाठीत शिरणारी जाड धमनी आणि निघणारी जाड शीर दिसली आणि ती रक्तवाहिन्यांइतकीच उजळली, तर तो रक्तवाहिन्यांचा गुंता आहे. तिथे सुई घालायची नाही. ही बाब रिपोर्टच्या पहिल्या ओळीत यायला हवी.

मोजमाप फुफ्फुसाच्या विंडोवर. आडवा, उभा आणि बाजूचा अशा तिन्ही छेदांत सर्वांत मोठा व्यास शोधायचा. फक्त आडव्या कापात मोजलं तर वर-खाली लांबलेली गाठ लहान ठरते आणि टप्पा चुकतो. कॅन्सरचा टप्पा ठरवताना गाठीच्या आकाराला 'टी' म्हणतात. त्याच्या पायऱ्या पाठ असाव्यात: १, २ आणि ३ सेंमीपर्यंत टी१ चे तीन भाग (ए, बी, सी), ४ पर्यंत टी२ए, ५ पर्यंत टी२बी, ७ पर्यंत टी३, त्यापुढे टी४. गाठीने श्वासनळी दाबून पुढचं फुफ्फुस मिटलं असेल तर ते मिटलेलं फुफ्फुस मोजमापात धरायचं नाही. कॉन्ट्रास्टनंतर मिटलेलं फुफ्फुस गाठीपेक्षा जास्त उजळतं, तीच सीमारेषा धरायची.

काठ. बारीक रेषा बाहेर फुटलेला काटेरी काठ कॅन्सरची शंका सर्वांत जास्त वाढवतो. पण जुन्या टीबीचा व्रणही काटेरी दिसतो, म्हणून आपल्याकडे या लक्षणाचं वजन पाश्चात्त्य पुस्तकांत आहे त्याहून थोडं कमी धरावं, असं आमचं मत आहे. खाचा असलेला काठ मधला. गुळगुळीत काठ बघून सुटकेचा श्वास टाकू नका. दुसरीकडून आलेला कॅन्सर आणि कार्सिनॉइड (संथ वाढणारा एक कॅन्सर) यांचेही काठ गुळगुळीत असतात.

आत काय आहे ते आकड्यांत बघायचं. सीटीच्या मोजपट्टीवर हवा उणे १०००, पाणी शून्य, चरबी साधारण उणे ४० ते उणे १२०. पातळ कापावर गाठीच्या मधोमध वर्तुळ टाका, व्यास गाठीच्या दोन तृतीयांशाएवढा. काठाला टेकवलं तर हवा मिसळून आकडा खाली येतो. गुळगुळीत काठाच्या गाठीत उणे ६० भरलं तर तो बहुधा हॅमार्टोमा (एक निरुपद्रवी गाठ) आणि सुईची गरज संपते. चुना कुठे आणि कसा साचलाय हे त्याच्या असण्याइतकंच महत्त्वाचं. मधोमध, थराथरांत, पूर्ण गाठभर किंवा लाह्यांसारखा फुललेला असेल तर निरुपद्रवी. एका कडेला किंवा ठिपक्याठिपक्यांनी असेल तर नाही: वाढत्या कॅन्सरने शेजारचा जुना चुन्याचा खडा पोटात घेतलेला असू शकतो. हाडाच्या कॅन्सरचा इतिहास असेल तर हे सगळे नियम बाजूला ठेवायचे, कारण त्याच्या फुफ्फुसातल्या गाठीही चुन्याने भरतात.

एकजीव दिसणारी भरीव गाठ कॉन्ट्रास्टनंतरच्या चार मिनिटांत १५ युनिटपेक्षा कमी उजळली तर ती कॅन्सर असण्याची शक्यता फार कमी. १५ च्या वर उजळली तर मात्र काहीच ठरत नाही, कारण चालू टीबीही उजळतो. आतून सडलेल्या किंवा पोकळ गाठीला ही मोजणी लावूच नये.

पोकळी असेल तर भिंत सर्वांत जाड जागी मोजा. ४ मिमीपर्यंत बहुधा निरुपद्रवी, १५ च्या वर बहुधा कॅन्सर. पुण्यातले कितीतरी रुग्ण या दोहोंच्या मधे पडतात आणि तिथे भिंतीची जाडी काही सांगत नाही. तेव्हा आतला काठ बघा: आत गाठोळे आले असतील तर शंका वाढते.

आता गाठ सोडून बाकीचं. मधल्या छातीतले लिम्फ नोड आखूड व्यासात १० मिमीच्या वर असतील तर मोठे. टीबीच्या प्रदेशात मोठा नोड म्हणजे कॅन्सर पसरला असं नसतं, आणि ८ मिमीच्या नोडमध्येही कॅन्सरच्या पेशी असू शकतात. केवळ सीटीत नोड मोठे दिसले म्हणून शस्त्रक्रिया नाकारणं ही फार गंभीर चूक आहे. त्या नोडमधून ईबसने (श्वासनळीतून सोनोग्राफीत बघत घातलेल्या सुईने) नमुना घेतल्याशिवाय कुणाला "पसरलाय" म्हणू नये. गळपट्टीच्या हाडावरचे नोड बघा, कारण तिथला नोड हाताला लागत असेल तर सर्वांत सोपी सुई तिथेच घालता येते. प्लुरात पाणी, बरगडी खाल्लेली, मणक्यात डाग, यकृत. ॲड्रिनलमध्ये गाठ असेल आणि प्लेनमध्ये घनता १० किंवा कमी भरली तर ती बहुधा साधी ग्रंथीची गाठ असते आणि रुग्णाचा टप्पा चौथ्यावर जात नाही. एवढ्या एका आकड्यावर शस्त्रक्रिया होणार की नाही हे ठरू शकतं, म्हणून चिठ्ठीत "ॲड्रिनलपर्यंत" लिहायचं.

आपल्याकडे फसवणारे आजार

सर्वांत पुढे टीबी. ट्युबरक्युलोमा (टीबीची गाठ) बहुधा वरच्या खंडात किंवा खालच्या खंडाच्या वरच्या टोकाला, ४ सेंमीच्या आत, भोवती बारीक उपग्रह गाठी घेऊन दिसतो. श्वासनळ्यांच्या टोकांशी ट्री-इन-बड (कळ्या फुटलेल्या फांदीसारखं चित्र) दिसलं तर संसर्गाची बाजू भक्कम होते. पण विडी ओढणाऱ्याचा कॅन्सरही वरच्याच खंडात येतो, आणि जुन्या टीबीच्या व्रणाशेजारी येतो. दोन्ही आजार एकाच फुफ्फुसात एका वेळी असू शकतात, म्हणून थुंकीत टीबी सापडला तरी मासचा हिशोब संपत नाही. औषधं सुरू करा, दोन महिन्यांनी सीटी करा, आणि गाठ कमी झालेली नसेल तर तुकडा घ्या.

पुरावा नसताना एकेटी सुरू करण्याची किंमत आकड्यांत बघू. भरीव फुफ्फुस-कॅन्सरचं आकारमान दुप्पट व्हायला बहुधा २० ते ४०० दिवस लागतात. १०० दिवसांचा वेग धरला तर ६० दिवसांत आकारमान दीडपट होतं, म्हणजे ३ सेंमीची गाठ जवळपास साडेतीन सेंमी होते. टी१सी वरून टी२ए. त्यात काविळीचा धोका वेगळा, आणि यकृत बिघडलं की केमोथेरपीही लांबते. सीबीनॅट, कल्चर किंवा पेशींचा पुरावा नसेल तर मासवर टीबीची औषधं चालू करू नयेत.

वाघोलीच्या परिसरातल्या दगडखाणींत किंवा क्रशरवर राबलेल्या माणसात दोन्ही बाजूंच्या वरच्या भागात मोठ्या गाठी दिसल्या तर सिलिकोसिस (दगडाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार) आठवा. त्या बहुधा दोन्हीकडे सारख्या असतात, बाहेरचा काठ बरगड्यांना समांतर जातो, गाठ आणि छातीची भिंत यांच्या मधे फुगलेलं फुफ्फुस असतं आणि लिम्फ नोडच्या कडेने चुन्याचं कवच दिसतं. एकच बाजू वाढत असेल तर मात्र तपास करायचा, कारण सिलिका स्वतः कॅन्सर घडवते आणि टीबीलाही वाट करून देते.

जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा असेल तर रुग्णाला पालथं झोपवून दोन-चार काप घ्या. गोळा जागा बदलतो, गाठ बदलत नाही. मधुमेह हाताबाहेर गेलेल्या रुग्णात मधे धूसर आणि कडेने दाट वर्तुळ दिसलं तर म्युकर (झपाट्याने पसरणारी बुरशी) डोक्यात यायलाच हवा. त्यात दिवसांचा नाही, तासांचा हिशोब असतो. मेंढ्या आणि कुत्र्यांच्या सहवासात राहणाऱ्यांत गुळगुळीत, पाण्याच्या घनतेची गाठ असेल तर हायडॅटिड (फीतकृमीची पाण्याने भरलेली गाठ) असू शकतो. त्यात गैरसमजाने सुई घातली तर आतलं पाणी सांडून जिवावर बेतणारी ॲलर्जी येऊ शकते.

बऱ्याच रिपोर्टच्या शेवटी "इन्फेक्टिव्ह, कॉक्स किंवा नियोप्लास्टिक, क्लिनिकल कोरिलेशन" असं असतं. म्हणजे संसर्ग, टीबी किंवा कॅन्सर, यातलं काहीही. असा रिपोर्ट आला की रेडिऑलॉजिस्टला फोन करून दोनच प्रश्न विचारा: यातलं जास्त काय वाटतं, आणि सुई कुठून घालू? बहुतेक जण आनंदाने सांगतात.

सुई घालताना

गाठ कडेला असेल तर सीटीखाली सुई, मुख्य श्वासनळीजवळ असेल तर ब्राँकोस्कोपी (श्वासनळीत दुर्बीण घालून तपासणी) किंवा ईबस. आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) दीडच्या आत, प्लेटलेट ५०,००० च्या वर. क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी औषधं किती दिवस थांबवायची हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. रस्ता असा निवडायचा की सुई प्लुरातून एकदाच जाईल, खंडांमधली फट ओलांडणार नाही आणि फुगलेल्या फुफ्फुसातून जाणार नाही. बरगडीच्या वरच्या काठावरून शिरायचं, कारण रक्तवाहिन्या खालच्या काठाला असतात. १७ गेजच्या बाहेरच्या सुईतून १८ गेजचे तीन-चार तुकडे. कॉन्ट्रास्टमध्ये जो भाग उजळला तिथूनच घ्यायचे. काळपट मध्यातून घेतलेल्या तुकड्याचा रिपोर्ट "मृत ऊती" असा येतो आणि सगळा खटाटोप वाया जातो.

बाटल्या दोन हव्यात, आणि ही गोष्ट सुई घालण्याआधी टेबलावर दिसली पाहिजे. फॉर्मॅलिनची बाटली पेशींच्या तपासणीसाठी. निर्जंतुक सलाइनची बाटली सीबीनॅट, टीबी कल्चर आणि बुरशीसाठी. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, त्यातून कल्चर होत नाही. सगळे तुकडे एकाच बाटलीत टाकले आणि रिपोर्ट "ग्रॅन्युलोमा" (टीबीत दिसणारा पेशींचा पुंजका) आला, की औषधांना दाद न देणारा टीबी आहे का हे शोधायला पुन्हा सुई. ॲडिनोकार्सिनोमा (फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार) निघाला तर ईजीएफआर जनुक, एएलके वगैरे चाचण्या त्याच मेणाच्या ब्लॉकवर होतात, म्हणून तुकड्यांत कंजूषी नको. (हा ईजीएफआर किडनीचा नव्हे, रिपोर्टात दोन्हींची अक्षरं सारखी दिसतात.)

साधारण पाचातल्या एका रुग्णात फुफ्फुसाभोवती थोडी हवा शिरते. बहुतेकांची आपोआप जिरते, काहींना नळी घालावी लागते. सुई काढल्यावर टोचलेली बाजू खाली ठेवून झोपवायचं, बोलू-खोकू द्यायचं नाही, आणि काही तासांनी एक्स-रे काढून मगच घरी. जुन्नर किंवा भोरहून आलेल्या रुग्णाने त्या रात्री पुण्यातच राहावं. घाटात, एसटीत दम लागला तर मदत मिळायला वेळ लागतो.

ससून, औंधचं उरो रुग्णालय किंवा पिंपरीचं वायसीएम, कुठेही पुढे जायचं असेल तरी डायकॉम सीडी, ब्लॉक आणि स्लाइड सोबत हव्यात. महात्मा फुले योजनेतून कॅन्सरचे उपचार घ्यायचे तर पेशी-तपासणीचा रिपोर्ट मागतात, नुसता सीटी चालत नाही. पीईटी-सीटी (जास्त साखर ओढणाऱ्या पेशी चमकवून दाखवणारा स्कॅन) कॅन्सर सिद्ध झाल्यावर टप्पा ठरवायला फार उपयोगी आहे. पण कॅन्सर की टीबी हे ठरवायला तो काढू नका. दोन्ही तितकेच चमकतात.

छोट्या नोड्यूलवर नजर ठेवताना

छातीच्या रेडिऑलॉजीतल्या फ्लाइश्नर सोसायटीच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे एकट्या भरीव नोड्यूलसाठी: ६ मिमीच्या आत आणि धोका कमी असेल तर पुढे काही नाही. धूम्रपान वगैरे असेल तर वर्षाने एक सीटी, तोही ऐच्छिक. ६ ते ८ मिमी असेल तर ६ ते १२ महिन्यांनी. ८ च्या वर असेल तर तीन महिन्यांनी सीटी, पीईटी किंवा तुकडा, यातलं काय ते रुग्णागणिक ठरवायचं. हे नियम ३५ वर्षांखालच्यांना, आधी कॅन्सर झालेल्यांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना लागू नाहीत.

पुन्हा सीटी काढताना शक्यतो तेच मशीन, तीच जाडी, तसाच पूर्ण श्वास. २ मिमीपेक्षा कमी फरक मोजण्याच्या चुकीत मोडतो. व्यास २६ टक्क्यांनी वाढला की आकारमान दुप्पट होतं, म्हणजे १० मिमीचं नोड्यूल १२.६ झालं तर ते दुप्पट झालेलं असतं. "थोडंसंच वाढलंय" असं म्हणून ते सोडू नका. तुलना नेहमी सर्वांत जुन्या सीटीशी करायची. मागच्याच सीटीशी केली तर दर वेळी १ मिमी वाढणारं नोड्यूल दर वेळी "जैसे थे" ठरतं.

धूसर काचेसारख्या दिसणाऱ्या नोड्यूलचा वेग संथ असतो, त्यामुळे दोन वर्षांचा नियम तिथे चालत नाही. ६ मिमी किंवा मोठं असेल तर ६ ते १२ महिन्यांनी खात्री करायची आणि मग दर दोन वर्षांनी, एकूण पाच वर्षं. धूसर भागात भरीव ठिपका असेल तर तीन ते सहा महिन्यांनी पहिला सीटी, आणि नंतर पाच वर्षं दरवर्षी. अशा नोड्यूलमध्ये एकूण आकाराबरोबर भरीव भाग वेगळा मोजून लिहायचा. तो भाग ६ मिमी झाला, किंवा आधी नव्हता आणि आता उगवला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता रुग्णाला छातीच्या सर्जनकडे पाठवायचं.